मढच्या टोकावर कुरव मोजताना

दादाने बाबांवर पहिल्यांदा हात उचलला, त्याच हिवाळ्यात मी समुद्रावरचे पक्षी मोजायला लागले. रविवारी सकाळी मला घरात थांबायचं नव्हतं आणि पक्षी मोजायला रविवारी सकाळीच जावं लागे, एवढाच या दोन गोष्टींचा संबंध. पक्ष्यांची आवड वगैरे मागाहून आली. हे प्रकरण लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आता लिहिते आहे, कारण आता ते लपवण्यात काही उरलेलं नाही.

आम्ही मालाडला पूर्वेकडे, टेकडीच्या पायथ्याच्या चाळीत राहत होतो. एक खोली आणि पुढे अरुंद पडवी. दगडाच्या खाणींनी टेकडी अर्धी खाऊन टाकली होती. रोज दुपारी जेवणाच्या सुमाराला खाणीतून शिट्टी ऐकू यायची, वर कुणीतरी लाल फडकं हलवायचं आणि मग सुरुंग उडायचे. फळीवरचे पितळेचे डबे एकमेकांवर आपटायचे. आई परातीवर हात ठेवून थांबायची, हादरा गेला की पुन्हा भाकरी थापायला घ्यायची. हंड्यावर फडकं बांधलं तरी पाण्याच्या तळाशी राखाडी पूड बसायची आणि वाळत घातलेले कपडे झटकले की खोकला यायचा. पण त्या पुडीतसुद्धा आई जे रांधायची त्याची चव मला पुढे कुठे मिळाली नाही. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, ओल्या खोबऱ्याचं वाटण, संध्याकाळी पेज आणि तव्यावर परतलेलं सुकट. मार्गशीर्षातले गुरुवार ती कडक पाळायची. रविवारी मात्र मासे नसले तर तिला जेवल्यासारखं वाटायचं नाही.

बाबा गिरणीत विणकर खात्यात होते. संप झाला, संपला, आणि गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. इतकी वर्षं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात काढल्यामुळे त्यांचे कान गेले होते. ते मोठ्याने बोलायचे आणि आमच्या ओठांकडे बघत ऐकायचे. घरी बसल्यावर त्यांना एकच विरंगुळा राहिला होता, रेडिओ. तो ते मांडीवर घेऊन, कान लावून, पूर्ण आवाजात ऐकायचे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ सुरेश, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो खाणीत ड्रिल चालवायचा. दिवसभर ते यंत्र छातीशी धरून तो घरी आला की त्याचे हात बराच वेळ थरथरत असायचे, पाण्याचा तांब्या धरतानाही. आधी तो असा नव्हता. शाळेत असताना त्याने मला पाठीवर घेऊन टेकडी चढवली होती. पण खाणीत लागल्यापासून घर त्याच्यावर चालतं हे सगळ्यांना ठाऊक झालं, त्यालाही ठाऊक झालं, आणि मग चहा निवला म्हणून कप भिंतीवर जायला लागला.

हात उचलला त्या दिवशी संध्याकाळी तो आडवा पडला होता आणि रेडिओ मोठ्याने चालू होता. त्याने दोनदा बंद करायला सांगितलं. बाबांची पाठ त्याच्याकडे होती, त्यांना काय कळणार? दादा उठला, त्यांच्या मांडीवरून रेडिओ उचलला आणि पडवीच्या फरशीवर आपटला. बाबा उठायला गेले, तेव्हा त्याने उघड्या पंजाने त्यांच्या कानावर मारलं. एकदा, आणि मग बाबा खाली बसल्यावर पुन्हा एकदा. कानातून बारीक रक्त आलं. आईने तव्यावरची भाकरी उलटली. मी दारात उभी होते आणि मी काहीही केलं नाही. बाबांनी रेडिओचे तुकडे शर्टाच्या घोळात गोळा केले आणि त्या दिवसापासून ते घरात हळू आवाजात बोलायला लागले.

कॉलेजात आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायला कर्णिक मॅडम होत्या. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. मुलं मागे हसायची. हिवाळ्यात उत्तरेकडून समुद्रपक्षी आपल्या किनाऱ्यावर येतात, त्यांची दर रविवारी मोजणी करायला कुणी येईल का, असं त्यांनी वर्गात विचारलं. हात फक्त माझा वर गेला. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, उजाडताना मढच्या टोकावर पोचायचं, उशीर झाला तर मी थांबत नाही.

मी पहिली बस पकडायची. मढच्या कोळीवाड्यापाशी उतरून, वाळत घातलेल्या बोंबलांच्या वलांड्यांखालून चालत टोकावर जायचं. तिथे काळा कातळ समुद्रात पुढे घुसलेला होता आणि त्याच्या डाव्या हाताला एक छोटा उपसागर. सकाळी ऊन आमच्या पाठीमागून यायचं, त्यामुळे पाण्यावरचं सगळं लख्ख दिसायचं. कुरव, म्हणजे करड्या पाठीचे पांढरे समुद्रपक्षी, शेकड्यांनी बसलेले असायचे. थंडीत त्यांचं डोकं पांढरं होतं, फक्त डोळ्यामागे एक काळा ठिपका राहतो, जणू कुणी बोट टेकवलं आहे. मॅडमनी मला मोजायला शिकवलं. आधी दहा नीट मोजायचे, दहांचा थवा केवढा दिसतो ते डोळ्यात बसवायचं आणि मग त्या मापाने पुढे जायचं. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, आकडा एकमेकींना सांगायचा नाही, शेवटी वह्या शेजारी ठेवायच्या. सुरय वेगळे, कुरव वेगळे, कातळावर पळणारे तुतवार वेगळे. दुर्बीण एकच होती, त्यांची, जड आणि जुनी. ती डोळ्याला लावली की घर, खाण, दादा, सगळं त्या दोन गोलांच्या बाहेर राहायचं.

शांत असं तिथे काहीच नव्हतं, हे आता सांगायला हवं. लोक समुद्रपक्ष्यांची चित्रं लावतात, त्यात ते पंख पसरून तरंगत असतात. मी बघितलेले कुरव एकमेकांच्या घशातून मासा ओढून काढायचे. एकदा पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाने आमच्यासमोर एका कुरवाला पाण्यावरून उचललं आणि कातळावर आणून जिवंतच सोललं. मी तोंड फिरवलं. मॅडम म्हणाल्या, बघ, आणि एक कमी कर.

टोकाच्या खाली हौसाबाय कालवं काढायला यायची. तिचा नवरा कोळीवाड्यातला नाखवा, त्याची स्वतःची होडी होती. ओहोटीला ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लोखंडी कोयत्याने कातळावरची कालवं फोडायची आणि आम्ही दिसलो की वर येऊन डब्याच्या झाकणात उकडलेली कालवं ठेवायची. आम्ही दोघी सकाळभर पाखरं मोजतो याचं तिला फार हसू यायचं. मोजून झाल्यावर खाता का, असं तिने एकदा मॅडमना विचारलं होतं.

पौषात दादा रविवारी माझ्याही आधी घराबाहेर पडायला लागला. खाणीतल्या विलासबरोबर जातो, म्हणायचा. विलासच्या मामाची होडी होती. दुपारी दोघांपैकी एकाच्या खांद्यावर भरलेली गोणी असायची. बोय, तांब, पालू, आम्ही एरवी विकत घेऊ शकलो नसतो असे मासे. आई हरखून जायची. चाळीत वाटेही गेले. दादा त्या दिवसांत घरात बरा वागायला लागला होता, आईला चिडवायचा, मलाही एकदा नावाने हाक मारली. एके दिवशी आई मासे साफ करत होती. तिने पोट चिरलं आणि आत नुसतं काळं रक्त साखळलेलं. तिने पाठीवरून अंगठा फिरवला आणि मला जवळ बोलावलं.

"नंदे, ह्येचो काटो बघ. आतल्या आत मोडललो आसा."

मी हात लावला. बाहेरून मासा धड होता आणि आत कणा तीन ठिकाणी तुटलेला होता. लहानपण कोकणातल्या किनाऱ्यावर गेलेली बाई, जाळ्यातल्या माशाचं असं होत नाही हे तिला कळत नव्हतं असं मी कसं म्हणू? खाणकामगाराच्या घरात असा मासा कशाने मरतो, हे मलाही कळायला हवं होतं. तिने तो मीठ लावून ठेवला. दुपारी आम्ही सगळे जेवलो.

पुढच्या रविवारी आम्ही टोकावर बसलो होतो. उपसागरात कुरवांचा मोठा थवा होता आणि माझी मोजणी अर्ध्यावर आली होती. आधी आवाज आला नाही. आधी कातळ पायाखाली हलला, आमच्या घरातली जमीन हलते तसाच, आणि मग पाण्यातून पांढरा खांब वर आला. कुरव किंचाळत उडाले. दूर एक होडी होती, तिच्यात दोन माणसं. पाण्यावर चंदेरी पोटं उलटी तरंगायला लागली आणि ते बघून कुरव परत फिरले. शेकडो एकाच जागी पडले, एकमेकांच्या अंगावर, मासे ओरबाडत. होडीतल्या माणसाने सुरुंगाची दुसरी कांडी त्यांच्या मधोमध टाकली. मासे तर वर आलेलेच होते, ती टाकायचं काही कारण नव्हतं.

पिसं बराच वेळ खाली येत राहिली. पाण्यावर पांढरे गोळे पडले होते, त्यातले काही अजून गोल गोल फिरत होते, एका पंखाने पाणी मारत. मॅडमचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "मोज. मेलेले वेगळे, जिवंत वेगळे." मी दुर्बीण उचलली. होडी मध्ये आली. दुर्बिणीत माणूस इतका जवळ येतो की हात लावावा. विलास वाकून जाळीने मासे उपसत होता. त्याच्या मागे दादा उभा होता, पेटती बिडी ओठात धरून, आणि हसत होता. डोकं मागे टाकून, लहान असताना हसायचा तसा. वर्षभरात मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "चेहरे दिसले?"

मी म्हटलं, "नाही मॅडम, ऊन डोळ्यावर येतंय."

ऊन आमच्या पाठीमागे होतं. ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी वहीत मेलेल्यांचा आकडा लिहिला. तेवढ्यात खालून कुणाचं तरी ओरडणं ऐकू आलं. कालवांच्या कातळापाशी हौसाबाय पाण्यात बसकण मारल्यासारखी दिसत होती. दोन बायका तिला काखेतून ओढत होत्या. तिच्या दोन्ही कानांतून आणि नाकातून रक्त येत होतं आणि ती खोकली तेव्हा तोंडातूनही आलं. हवेत जो आवाज आम्हाला धप्प म्हणून आला, तो पाण्यात उभ्या असलेल्या बाईच्या छातीवर काय म्हणून आला असेल, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही. कोळीवाड्यातली माणसं तिला टेम्पोत घालून हॉस्पिटलात घेऊन गेली.

मी घरी पोचले तेव्हा तिखलं उकळत होतं आणि दादा पडवीत केस विंचरत होता. ताट वाढलं. मी हात लावला नाही. त्याने विचारलं, काय झालं, मासे कडू लागतात का? मी म्हटलं, "आज मढला पाण्यात एक बाई होती. तिचे कान फुटलेत."

त्याने घास खाली ठेवला. कोण बाई, म्हणाला, मग म्हणाला, तुला काय माहीत. मी म्हटलं, मी बघितलं तुला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने माझी वेणी मुठीत धरली आणि तोंड चुलीच्या ओट्याच्या कडेवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा वरचा पुढचा दात तुटला, तो मला जिभेवर खड्यासारखा लागला. मग त्याने मला जमिनीवर टाकून पाठीत लाथा घातल्या. ओरडला नाही. दात ओठ खात, एकेक शब्द सुटा करून सांगत होता की तुझ्या त्या बाईला काही बोललीस तर कॉलेज बंद, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबा मध्ये आले, त्याने त्यांना एका हाताने भिंतीकडे ढकललं. आई म्हणाली, "नंदे, गप ऱ्हव." त्याला नाही, मला म्हणाली. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तो हात धुऊन पुन्हा ताटावर बसला आणि जेवला.

तो आठवडा मला कसा गेला ते आठवत नाही, पण रविवारी मी पहिल्या बसला होते. त्या रविवारी दादा घरीच झोपला होता. मॅडमनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतला, फुंकर मारून निववला आणि दिला. आम्ही मोजायला लागलो. कुरव कमी होते. ऊन वर आल्यावर नाखवा टोकावर चढून आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस, डोळे न झोपल्यासारखे लाल. हौसाबाय जगेल, म्हणाला, एक कान कायमचा गेला, छातीचं डॉक्टर अजून सांगत नाहीत. चौकीवर जाऊन आलो, ते म्हणाले नाव आणा. मग त्याने मॅडमच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बोट केलं.

"बाय, ह्याच्यातून कोन दिसला का तुमाला?"

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढंच त्यांनी केलं. पण ती दुर्बीण त्या सकाळी माझ्या हातात होती, त्यांच्या नव्हे, हे त्या बघण्यात होतं.

"माझा भाऊ होता," मी म्हटलं.

नाखव्याने नाव विचारलं, मी सांगितलं. होडी कुठून येते, किती वाजता येते, दुसरा कोण, सगळं सांगितलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते कुणी केलं हे विचारलं नाही. पुन्हा येतील का, एवढं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतील, घरचे मासे संपले आहेत. तो उतरून गेला. मॅडम म्हणाल्या, चल माझ्याकडे राहायला, थोडे दिवस. मी नाही म्हटलं आणि घरी गेले.

त्यानंतरचे सहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. मी दादाबरोबर एका पंगतीत जेवले, त्याचे कपडे धुतले, त्याच्या शर्टाच्या खिशातून बिड्यांचं बंडल काढून ठेवलं. शनिवारी संध्याकाळी तो आला आणि माझ्याजवळ पडवीत बसला. मग म्हणाला, ओठ दाखव. मी दाखवला. त्याचे हात नेहमीसारखे थरथरत होते. "दात बसवून देईन तुला," तो म्हणाला. "स्टेशनजवळ एक डॉक्टर आहे, चांगला बसवतो. कळत पण नाही." मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, दादा, उद्या जाऊ नकोस. चार शब्द. मी म्हटलं, "बरं."

सकाळी तो निघाला आणि त्याच्या मागोमाग मी. टोकावर पोचले तेव्हा कातळाच्या आड कोळ्यांच्या दोन होड्या उभ्या होत्या. त्या होड्या मॅडमना अजून दिसल्या नव्हत्या, त्या नेहमीप्रमाणे वही उघडून बसल्या होत्या. मी दुर्बीण मागितली. विलासच्या मामाची होडी उपसागरात शिरली, मधोमध आली, आणि दोन्ही बाजूंनी कोळ्यांच्या होड्या निघाल्या. नाखवा पुढच्या होडीत उभा होता, हातात वल्हं. विलासने त्यांना बघितलं आणि सरळ पाण्यात उडी मारली. दादाला पोहता येत नव्हतं. त्याने कांडी उचलली, बिडीने वात पेटवली आणि हात उंच धरून तो ओरडायला लागला. शब्द आमच्यापर्यंत आले नाहीत, पण जवळ आलात तर टाकीन, असंच असणार. नाखव्याने हात वर करून आपली होडी थांबवली. सगळे थांबले. मला वात दिसत होती. ती त्याला वाटली त्यापेक्षा आखूड होती.

यावेळी आवाज आधी आला. धूर गेला तेव्हा दादा होडीच्या काठावर आडवा पडला होता आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या पुढे नव्हता. मी कातळावरून धावत सुटले, पडले, गुडघे फुटले, पुन्हा धावले. नाखव्याची होडी त्याच्या होडीला लागली. एका तरुण माणसाने वर चढून आधी दादाच्या बरगडीत वल्हं घातलं, दोनदा, तो तसा पडलेला असताना. नाखव्याने त्याच्या मुस्काटात मारून त्याला बाजूला केलं, डोक्याचं फडकं सोडलं आणि दादाच्या दंडाला आवळून बांधलं. मग स्वतः वल्हवत त्याला किनाऱ्याला आणलं. वाळूवर ठेवला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा काळा झाला होता. त्याने मला बघितलं. म्हणाला, "विल्याने सांगितलं ना? विल्यानेच." मॅडम त्यांच्या साडीचा पदर फाडत होत्या. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि काही बोलले नाही.

तो जगला. एक डोळाही गेला. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी बाबा आले. ते खाटेपाशी उभे राहिले, बँडेजकडे बघितलं, आणि सबंध वॉर्ड वळून बघेल अशी एक चपराक त्यांनी दादाच्या चांगल्या गालावर मारली. नर्स धावली. बाबा स्टुलावर बसले, डबा उघडला आणि त्याला चमच्याने पेज भरवायला लागले. दादा रडत रडत गिळत होता. त्या दिवसानंतर बाबा पुन्हा मोठ्याने बोलायला लागले.

केस झाली, तो काही महिने आत राहून आला. विलास पोहून पळाला होता, त्याला काही झालं नाही, आणि दादाच्या लेखी हाच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. दादा सुटून आल्यावर एका दुपारी खाणीत सुरुंगाआधीच्या सुट्टीत त्याच्या चार दोस्तांनी विलासला धरलं आणि पहारीने त्याचा डावा गुडघा फोडला. दादा शेजारी उभा राहिला होता, असं मला चाळीतल्या लोकांनी सांगितलं. विलास शेवटपर्यंत शपथा घेत होता म्हणे. ही बातमी आली तेव्हा आई म्हणाली, बरां झालां. मी भांडी घासत होते. मी घासत राहिले.

मॅडमबरोबर मी आणखी दोन हिवाळे मोजणी केली. हौसाबाय पुन्हा कालवं काढायला यायला लागली होती, एका बाजूला मान कलती ठेवून. आम्हाला तिने कधी पुन्हा काही खायला दिलं नाही. ज्या घरात ते मासे गेले त्या घरची मी, यापेक्षा वेगळं कारण शोधायची गरज नव्हती. निवृत्त होऊन जाताना मॅडम मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुझ्याकडे बघायला नको होतं." मी म्हटलं, तुम्ही बघितलं नसतं तर मी सांगितलं नसतं. त्या म्हणाल्या, तेच म्हणते मी.

मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न झालं, मालाडलाच राहिले. आई-बाबा गेले. दादा माझ्याकडेच असतो. डाव्या हाताने लिहायला शिकला, एका गोदामात हिशेबनीस म्हणून राहिला, नंतर त्याने कुणावर हात उचलल्याचं माझ्या ऐकिवात नाही. विलास मालाडच्या बाजारात भाजी घेऊन बसतो, पाय सरळ पुढे पसरून. तीसेक वर्षं मी त्याच्याकडूनच भाजी घेतली आणि तीसेक वर्षं तो मला ताई म्हणून वर मूठभर कोथिंबीर देत आला.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बाजार रिकामा होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगून टाकलं. नाव मी सांगितलं होतं, नाखव्याला, वेळेसकट. तो मेथी निवडत होता, ती निवडत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा माहीत असतं तर मार खाताना तुझं नाव घेतलं असतं मी. एवढं तरी असतं हातात." त्याने विचारलं, "सुऱ्याला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग मला कशाला सांगतेस आधी? मी काय करू ऐकून? त्याला सांग."

घरी आले तेव्हा दादा जेवत होता. मी समोर बसले आणि जे विलासला सांगितलं तेच त्याला सांगितलं. शनिवारी पडवीत तो दाताबद्दल बोलला तेव्हाही मला माहीत होतं, हेही सांगितलं. त्याचा डावा हात ताटावर तसाच थांबला होता. मला वाटलं, आता उठेल, आणि साठी ओलांडलेली मी, खुर्चीवर पाय जवळ घेऊन बसले. तो उठला. बेसिनपाशी जाऊन हात धुतला, बराच वेळ धुतला. मग दारात जाऊन पायाने चपला सरळ केल्या, घातल्या, आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"विल्या दुपारी पण असतो का तिथे?"

मी म्हटलं, असतो.

तो जिना उतरून गेला.